पहिला मृत्यू एकटीने पाहू नये

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिला मृत्यू पाहिला. मेडिकल वॉर्डात सकाळची ड्यूटी होती. सात नंबरच्या आजोबांचा श्वास पहाटेपासून बदललेला होता. काही श्वास खोल, मग हळूहळू उथळ, मग मध्येच मोठा खंड आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. हा बदल कशाचा आहे, हे मला कोणी सांगितलेले नव्हते. साडेअकराच्या सुमारास असाच एक खंड पडला आणि पुढचा श्वास आलाच नाही. डॉक्टरांनी येऊन तपासले, वेळ लिहिली आणि इन्चार्ज सिस्टरांनी मला व माझ्या वर्गातल्या एका मुलीला पडदे ओढून पुढचे सारे करायला सांगितले. आम्ही डोळे मिटवले, नळ्या काढल्या, अंग पुसले, चादर बदलली. प्रात्यक्षिकाच्या वहीतला क्रम कुठेही चुकला नाही, म्हणून आम्हाला शाबासकीही मिळाली. दहा मिनिटांनी मी गोळ्यांचा ट्रे हातात घेऊन दुसऱ्या रुग्णापुढे उभी होते. त्या मृत्यूविषयी त्या दिवशी किंवा नंतर कधीही माझ्याशी कोणी एक वाक्य बोलले नाही. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. आमच्या शिक्षिकांशीही त्यांच्या विद्यार्थिदशेत कोणी बोलले नसणार.

आज मी स्वतः नर्सिंग शिकवते आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक शुश्रूषा, हा विषय गेली बरीच वर्षे माझ्याकडे आहे. या काळात माझे एक मत पक्के होत गेले आहे. विद्यार्थिनीला दिसणारा पहिला मृत्यू हा तिच्या ड्यूटीच्या वेळापत्रकातला योगायोग असू नये. त्यासाठी तिची आधी तयारी झालेली असावी, त्या वेळी जाणते माणूस तिच्या शेजारी असावे आणि नंतर तिच्याशी बोलणे व्हावे. या तिन्ही गोष्टी आम्ही पहिल्या प्रसूतीसाठी कटाक्षाने करतो. प्रसूतिकक्षात पाऊल ठेवण्याआधी मुलींनी मॉडेलवर सराव केलेला असतो, प्रसूतीच्या अवस्था त्यांना तोंडपाठ असतात, पहिल्या काही वेळा त्या केवळ पाहतात, मग मदत करतात, मग कोणाच्या तरी हाताखाली स्वतः करतात आणि प्रत्येक वेळेची नोंद वहीत होते. मरणाच्याही अवस्था असतात, त्यांचीही लक्षणे ओळखता येतात आणि तिथेही हाताला काम असते. तरीसुद्धा मरणाच्या खोलीत आम्ही मुलींना कोरड्या हातांनी पाठवतो.

ही उणीव एखाद्या महाविद्यालयापुरती नाही. १९९९ साली अमेरिकेत नर्सिंगच्या ५० पाठ्यपुस्तकांची पाने तपासली गेली, तेव्हा आयुष्याच्या अखेरच्या काळातील शुश्रूषेविषयीचा मजकूर जेमतेम २ टक्के भरला. त्यानंतर २००० साली तिथे परिचारिकांच्या शिक्षकांनाच हा विषय शिकवण्याचा ‘एल्नेक’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो अनेक देशांत पोहोचला. शिक्षकांपासून सुरुवात करण्याची ही कल्पना मला फार योग्य वाटते, कारण ज्या शिक्षिकेने मरणाऱ्या माणसाजवळ कधी स्वस्थ बसून पाहिलेले नाही, तिला ते दुसऱ्याला शिकवता येत नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव करून वैद्यकीय आणि नर्सिंगच्या पदवीपूर्व शिक्षणात उपशामक सेवेचा नियमित समावेश असावा, असे सर्व सदस्य देशांना सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि ती मिळते ती साधारण १४ टक्क्यांना. उरलेले लोक घरी किंवा सर्वसाधारण वॉर्डांत शेवटचे दिवस काढतात. त्यांच्या उशाशी असलीच तर ती साधी वॉर्डातली परिचारिका असते, म्हणून हा विषय पुढे जाऊन त्यात विशेष शिक्षण घेणाऱ्या मोजक्या मुलींपुरता ठेवून भागणार नाही.

पहिल्या तासाला मी सिसिली सॉन्डर्स यांच्याविषयी सांगते. १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचे केंद्र, उभे करून आधुनिक हॉस्पिस चळवळीचा पाया घालणाऱ्या या बाई आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना ते काम सोडावे लागले, मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाल्या. वेदना शरीराची असते, तशीच ती मनाची, घरच्या परिस्थितीची आणि श्रद्धेचीही असते, ही त्यांची ‘समग्र वेदने’ची कल्पना या तिन्ही नोकऱ्यांमधून आली असावी, असे मला नेहमी वाटते. १९६३ मध्ये येल विद्यापीठात त्यांचे व्याख्यान ऐकून तिथल्या नर्सिंग विभागाच्या डीन फ्लॉरेन्स वॉल्ड इतक्या भारावल्या, की पुढे त्यांनी ते पद सोडले आणि १९७४ मध्ये कनेक्टिकटमध्ये अमेरिकेतले पहिले हॉस्पिस उभे राहिले. ‘पॅलिएटिव्ह केअर’ हा शब्द कॅनडातल्या माँट्रियलच्या डॉक्टर बाल्फोर माउंट यांचा, कारण तिथल्या फ्रेंच भाषेत ‘हॉस्पिस’ या शब्दाला निराधारांच्या आश्रयस्थानाचा वास होता. मुलींना दोन शब्दांतला फरक विचारला तर मी एवढेच सांगते, की उपशामक सेवा गंभीर आजाराचे निदान झाल्या दिवसापासून उपचारांच्या बरोबरीने देता येते आणि हॉस्पिस हा तिचा अखेरचा टप्पा आहे. त्या वेळी आजारावरचे उपचार थांबलेले असतात, शुश्रूषा मात्र चालू असते.

इतिहास इथे संपतो आणि आम्ही तोंडाच्या निगेकडे वळतो. विद्यार्थिनींना याचे आश्चर्य वाटते, कारण तोंड स्वच्छ करणे हे त्यांच्या लेखी पहिल्या वर्षाचे, सगळ्यांत कमी मानाचे काम असते. मी त्यांना जोडीजोडीने बसवते. एकीने डोळे मिटून, तोंड उघडे ठेवून दहा मिनिटे केवळ तोंडाने श्वास घ्यायचा. पाच मिनिटांतच जीभ टाळूला चिकटू लागते. मग दुसरीने तिच्या खालच्या ओठावर पाण्याचे दोन थेंब सोडायचे, मऊ स्पंज ओला करून व्यवस्थित पिळून घ्यायचा, गालाच्या आतून, हिरड्यांवरून आणि जिभेच्या पुढच्या भागावरून तो फिरवायचा, उमासा येईल इतका मागे न्यायचा नाही आणि शेवटी ओठांना पाण्यात विरघळणारे मलम लावायचे. प्रत्येक कृतीआधी काय करणार आहोत हे हलक्या आवाजात सांगायचे. डोळे मिटलेल्या मुलीला मी नंतर विचारते, की सर्वांत जास्त काय जाणवले. स्पंज न सांगता ओठांना लागला तेव्हा दचकायला झाले, हे उत्तर जवळपास दर वर्षी येते. गिळता न येणाऱ्या, बोलता न येणाऱ्या माणसासाठी तासाभराने होणारी ही पाच मिनिटांची निगा सलाइनच्या बाटलीपेक्षा कितीतरी मोठा आराम देते. ही गोष्ट सांगून पटत नाही, म्हणून त्यांच्याच जिभेला ती कळू द्यावी लागते.

त्यानंतर श्वास. शेवटच्या दिवसांत श्वासाला पडणारे खंड, हातापायांचे गार पडणे, गुडघ्यांवर आणि पावलांवर उमटणारी जांभळट जाळी, लघवी कमी होणे, झोपेचे तास वाढत जाणे, ही सारी लक्षणे मी एका वेळी शिकवते, जेणेकरून ती एकत्र दिसली की मुलीला समोर काय चालले आहे ते कळावे. घशातल्या घरघरीवर मात्र मी वेळ घालवते. आपल्या भाषेत ‘घरघर लागणे’ हा शब्दप्रयोगच या आवाजावरून आला आहे, इतका तो जुना आणि भीतिदायक आहे. विद्यार्थिनीचा हात तो आवाज ऐकताच सक्शनच्या, म्हणजे घशातला स्राव ओढून काढणाऱ्या, नळीकडे जातो. त्या वेळी रुग्ण बहुधा शुद्धीवर नसतो आणि त्या आवाजाचा त्रास त्याला होत असल्याचे दिसत नाही. खोल सक्शनचा त्रास मात्र होऊ शकतो. कूस बदलावी, डोके थोडे उंच करावे, स्राव कमी करणाऱ्या औषधाविषयी डॉक्टरांशी बोलावे आणि मुख्य म्हणजे नातेवाइकांना हा आवाज कशाचा आहे ते समजावून सांगावे, कारण तो आवाज त्यांच्या कानांत वर्षानुवर्षे राहतो.

रुग्ण अचानक अस्वस्थ झाला, हातपाय झाडू लागला, चादर ओढू लागला, तर गुंगीच्या औषधाची मागणी करण्याआधी ओटीपोटावर हात ठेवून पाहावा, हेही मी परोपरीने सांगते. तुंबलेले मूत्राशय किंवा दिवसेंदिवस साचलेला मळ एवढेच कारण कितीदा तरी निघते.

मॉर्फिनविषयीची भीती घालवणे हे या विषयातले सर्वांत चिवट काम आहे. मॉर्फिन दिले म्हणजे माणूस लवकर जातो, त्याला चटक लागते, ते अगदी शेवटी द्यायचे असते, या समजुती घेऊन विद्यार्थिनी वर्गात येतात आणि काही वेळा त्या वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरांकडून आणखी घट्ट होऊन परत येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कर्करोगाच्या वेदनेसाठी तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि पायरीपायरीने औषध देण्याची पद्धत सांगितली होती. घड्याळाप्रमाणे म्हणजे वेदना परत येण्याची वाट न पाहता, हे मी फळ्यावर लिहून ठेवते. साधे, लगेच काम करणारे मॉर्फिन दर चार तासांनी दिले जाते आणि मधल्या वेळी वेदनेने उसळी मारली तर द्यायचा जादा डोस साधारणपणे दिवसभराच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांश असतो. ही गणिते मुलींना पटकन येतात. विसरतात त्या बद्धकोष्ठाला. मॉर्फिनमुळे होणारी मळमळ बहुतेकांत काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत राहते, म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या डोसाबरोबरच रेचकही लिहून घेण्याची आठवण डॉक्टरांना करून देणे हे परिचारिकेचे काम आहे. रुग्ण बोलू शकत नसेल तर कपाळावरची आठी, घट्ट आवळलेली मूठ, कूस बदलताना येणारे कण्हणे यांवरून वेदना वाचावी लागते. ते वाचण्याचा सराव वर्गात होत नाही, वॉर्डातच होतो.

बोलण्याचा सराव मात्र वर्गात होतो. मी पलंगावर रुग्ण होऊन पडते आणि शेजारी आलेल्या विद्यार्थिनीला विचारते, “सिस्टर, मी आता वाचत नाही ना?” पहिल्या वर्षी बहुतेक सगळ्या एकच उत्तर देतात: “असं बोलू नका, सगळं ठीक होईल.” हे उत्तर मायेपोटी येते, हे मला कळते. परंतु माणसाने मोठ्या धैर्याने उघडलेले दार त्याने तिथल्या तिथे लागते आणि तो पुन्हा कोणाला विचारत नाही. मग आम्ही तोच प्रसंग पुन्हा करतो. खुर्ची ओढून बसायचे. “तुम्हाला आज असं का वाटलं?” एवढेच विचारायचे आणि गप्प राहायचे. ती शांतता त्यांना सोसत नाही. त्या चादर नीट करतात, सलाइनकडे बघतात, घड्याळाकडे बघतात. हात मांडीवर ठेवून, रुग्णाकडे पाहत, अर्धे मिनिट गप्प बसता येणे हे इंजेक्शन देण्याइतकेच शिकण्याचे कौशल्य आहे आणि ते सरावानेच येते. निदान सांगणे हे परिचारिकेचे काम नसले तरी रात्री तीन वाजता हा प्रश्न तिलाच विचारला जातो.

नातेवाइकांचा प्रश्न बहुधा वेगळा असतो: काहीच खात नाहीत, उपाशी राहून जातील का? शरीर थांबत चालले म्हणून भूक गेली आहे, भूक गेली म्हणून शरीर थांबत नाही, हे सांगायला शब्द साधे लागतात आणि ते सांगून झाल्यावर त्या नातेवाइकाच्या हातात काहीतरी काम द्यावे लागते. तोंड ओले करण्याचा स्पंज मी त्यांच्याच हातात द्यायला शिकवते. १९६९ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी मांडलेले, मरणाला सामोरे जाण्याचे नकार, राग वगैरे पाच टप्पे मुलींना परीक्षेसाठी पाठ असतात, पण रुग्ण सध्या कितव्या टप्प्यात आहे ते ठरवायला त्या लागल्या की मी त्यांना थांबवते. खरी माणसे त्या क्रमाने चालत नाहीत.

एवढी तयारी करूनही पहिल्या दिवशी काय होते, याचा एक प्रसंग सांगते. माझी एक विद्यार्थिनी, वर्गात हुशार, हाताने नीटस, एका मरणासन्न बाईंच्या खोलीत होती. मला शेजारच्या वॉर्डातून यायला तासभर लागला. येऊन पाहते तर ती दर पंधरा मिनिटांनी त्यांचा रक्तदाब मोजत होती. तो मोजणे थांबवण्याची सूचना आदल्या रात्रीच लिहिलेली होती. दंडावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता आणि उशाशी बसलेली मुलगी आईच्या चेहऱ्याकडे न बघता यंत्रावरच्या आकड्यांकडे बघत होती, कारण सिस्टर तिकडे बघत होत्या. मी पट्टा सोडवला, यंत्र खोलीबाहेर नेले आणि आम्ही दोघी पलंगाच्या एकेका बाजूला बसलो. थोड्या वेळाने विद्यार्थिनीने मला कानाशी येऊन विचारले, “मॅडम, मग चार्टमध्ये काय लिहू?”

हा प्रश्न मला आजवर विद्यार्थिनींनी विचारलेल्या प्रश्नांमध्ये सर्वांत प्रामाणिक वाटतो. आम्ही तिला तीन वर्षे शिकवले होते, की जे लिहिले नाही ते केले नाही. आणि त्या छापील तक्त्यात नाडी, ताप, रक्तदाब यांचेच रकाने होते. तिला भीती मरणाची वाटत होतीच, पण त्याहून अधिक भीती रिकाम्या रकान्यांची होती. मी तिला रक्तदाबाच्या रकान्यात आडवी रेघ मारायला सांगितली आणि परिचारिकेच्या नोंदीचा कागद पुढे केला. तोंड कधी ओले केले, कूस कधी बदलली, कपाळ सैल आहे की आठी आहे, जवळ कोण आहे, त्यांना काय सांगितले, हे सारे लिहिण्याजोगे आहे आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरला ते उपयोगाचे आहे. तिने लिहायला घेतल्यावर तिचे हात थरथरायचे थांबले. मुलगी आईशी बोलू लागली. आईला ऐकू येत असेल का, असे तिने विचारले, तेव्हा मी बोलत राहायला सांगितले. प्रतिसाद थांबल्यानंतरही मरणासन्न रुग्णांपैकी काहींचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देतो, हे २०२० मध्ये कॅनडातल्या एका हॉस्पिसमधील अभ्यासात मेंदूच्या आलेखांवरून दिसले होते.

त्या बाई संध्याकाळी गेल्या. ड्यूटी संपल्यावर मी विद्यार्थिनीला तसेच घरी जाऊ दिले नाही. हे ड्यूटीनंतरचे बोलणे त्याच दिवशी व्हावे, बसून व्हावे आणि त्यात उपदेश नसावा, एवढे तीन नियम मी पाळते. काय पाहिलेस, काय केलेस, आणि कोणती गोष्ट मनातून जात नाही, हे विचारते. वीस मिनिटे पुरतात. तिच्या मनातून तो दंडावरचा वळ जात नव्हता. त्यावर मी तिला ‘तुझी काही चूक नव्हती’ असे म्हटले नाही, कारण चूक झाली होती आणि तिला ती माहीत होती. चूक माझीही होती. पहिल्या मृत्यूला तिला तासभर एकटी ठेवायला नको होते. मी ते तिला तसेच सांगितले. त्यानंतर मी ड्यूटीची यादी बदलून घेतली आणि मरणासन्न रुग्णाच्या खोलीत पहिल्यांदा जाणाऱ्या विद्यार्थिनीला शिक्षिकेच्या किंवा वरच्या वर्षाच्या अनुभवी विद्यार्थिनीच्या जोडीनेच पाठवायचे, असा नियम केला. प्रशासनाचे म्हणणे होते, की इतक्या मनुष्यबळात हे जमणार नाही. जमते, पण त्यासाठी दुसऱ्या कुठल्यातरी कामातून माणूस काढावे लागते. ते काढण्याची आमची तयारी आहे का, एवढाच खरा प्रश्न असतो.

या बोलण्यात नाना गोष्टी बाहेर येतात. एकीला खोलीत हसू आले होते आणि ती स्वतःला राक्षसीण समजत होती. तणावाने असे हसू येते, हे ऐकून ती रडली. एका विद्यार्थ्याला काहीच वाटले नव्हते आणि आपण या कामाला लायक नाही असे त्याने ठरवून टाकले होते. त्याला मी आठवडाभराने पुन्हा बोलावले, तेव्हा वाटायचे ते वाटू लागले होते. जिच्या घरी अलीकडेच मृत्यू झाला आहे, तिला मी आधी एकांतात विचारते आणि तिने नको म्हटले तर तिची पाळी पुढे ढकलते. या सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, असे मला पूर्वी बजावले गेले होते. आजवर एकीनेही तो घेतलेला नाही.

गुण कसे द्यायचे, ही अडचण राहतेच. मरणासन्न रुग्णाच्या सेवेविषयीचा कल मोजणारी कॅथरीन फ्रॉमेल्ट यांची ३० विधानांची प्रश्नावली १९९१ पासून वापरात आहे. मीही ती सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी भरून घेते आणि गुण वाढलेले दिसतात. परंतु कागदावर कल बदलणे आणि घरघर ऐकू येत असताना खुर्ची ओढून बसणे यांत अंतर आहे, म्हणून मी प्रश्नावलीच्या गुणांपेक्षा त्यांच्या हातच्या नोंदी वाचण्यावर अधिक विसंबते.

गेल्या महिन्यात नव्या तुकडीची पाळी सुरू झाली. रक्तदाब मोजत बसलेली ती विद्यार्थिनी आता शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या जोडीला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दिली होती. मी संध्याकाळी खोलीत गेले तेव्हा दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या आणि यंत्र भिंतीशी, वायर गुंडाळून ठेवलेले होते. नोंदीच्या कागदावर धाकटीच्या अक्षरात लिहिलेले होते: ‘४.१० वाजता तोंड ओले केले, ओठांना मलम लावले. श्वासात वीस सेकंदांपर्यंत खंड. कपाळ सैल, कण्हणे नाही. मुलगा उशाशी आहे, त्याला श्वासाविषयी समजावून सांगितले. तो वडिलांशी बोलत आहे.’ मी खाली सही केली आणि तिसरी खुर्ची आणायला गेले.